आज काय आलंय? मालवणी खानावळीत जेवायचं कसं

खानावळीत शिरल्यावर भिंतीवरची पाटी वाचू नका. आधी गल्ल्यावर किंवा वाढणाऱ्या मामांना विचारा, "आज काय आलंय?" पाटी रंगवून वर्षं झालेली असतात आणि तिच्यावर पापलेटपासून कुर्ल्यांपर्यंत (म्हणजे खेकड्यांपर्यंत) सगळं लिहिलेलं असतं. आज पहाटे पिशवीतून काय घरात आलं, ते फक्त तिथल्या माणसांना ठाऊक असतं.

मी बोलतेय ते मुंबईतल्या छोट्या मालवणी खानावळींबद्दल. लालबाग, परळ, दादर, गिरगाव, भांडुप अशा भागांत, मुख्य रस्त्यापासून जरा आत, आठ-दहा टेबलं. आत रांधायला घरचीच काकी नाहीतर वहिनी, गल्ल्यावर तिचा नवरा किंवा मुलगा, वाढायला गावाकडून आलेली दोन पोरं. आमचं मूळ गाव देवगड तालुक्यातलं, मी वाढले परळच्या चाळीत आणि नोकरीही तिथेच बँकेत केली. डबा नसेल त्या दिवशी दुपारचं जेवण ठरलेल्या खानावळीत. बँकेत नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी तिथे घेऊन जायचे. कुणी नागपूरचं, कुणी लातूरचं, काहींनी समुद्राचा मासा कधी ताटात पाहिलेला नसायचा. त्यांना टेबलावर बसून जे सांगायचे, तेच इथे लिहून ठेवतेय.

"आज काय आलंय" विचारण्यामागे कारण आहे. छोट्या खानावळीचा फ्रीज छोटा आणि भांडवलही छोटं. मोठ्या हॉटेलासारखा आठवड्याचा माल भरून ठेवणं त्यांना परवडत नाही, आणि चांगली रांधणारी बाई तसं करतही नाही. घरातला एक माणूस पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा 1875 पासून चालू असलेल्या ससून डॉकला जातो, नाहीतर जवळच्या बाजारात ठरलेल्या कोळणीकडून घेतो. त्या दिवशी पापलेट महाग असलं तर दोन-चारच उचलतो, बांगडा चकचकीत आणि स्वस्त मिळाला तर पाटीभर घेतो. म्हणजे तुमचं जेवण सकाळी सहाच्या आसपासच ठरून गेलेलं असतं. तुम्ही जाऊन रोज सुरमईच हवी असा हट्ट धरलात तर त्या माणसाला कधीतरी बर्फातली जुनी सुरमई ठेवावीच लागेल, आणि तीच तुमच्या ताटात येईल. जे आलंय ते खाणारं गिऱ्हाईक असलं की खानावळ ताजं घेऊ शकते. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी पुढची निम्मी माहिती तुम्हाला लागणार नाही.

प्रश्न विचारल्यावर उत्तर कसं येतं तिकडे लक्ष द्या. "सगळं आहे" असं उत्तर आलं तर जरा सावध व्हा आणि पुन्हा विचारा, "आजचं काय आहे?" "बांगडा मस्त आहे, मांदेली आहे, सुरमई दोनच तुकड्या उरल्यात" असं उत्तर आलं तर निर्धास्त बसा. आणि "पापलेट आज नको घेऊ" असं कुणी आपणहून सांगितलं, तर ती खानावळ सोडू नका.

वार आणि महिने

मराठी घरांत माशांचे वार ठरलेले: बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार यातला एखादा तरी वार बहुतेक घरांत पाळतात. खानावळीची खरेदी याच हिशेबाने चालते. बुधवारी आणि शुक्रवारी माल भरपूर येतो आणि बहुतेक दुपारीच संपतो, त्यामुळे ताजेपणाची काळजी नसते. गर्दी मात्र असते. रविवारी दुपारी एकनंतर गेलात तर बाहेर उभं राहायची तयारी ठेवा. सोमवारी बऱ्याच खानावळी बंद असतात. गुरुवारी गेलात तर कालचा मासा समोर यायची शक्यता सगळ्यात जास्त, त्या दिवशी कोंबडी, अंडा-करी किंवा काळ्या वाटाण्याची उसळ घ्यावी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर मी उसळच मागवते. संकष्टी आणि एकादशीलाही तेच.

पावसाळ्याचं वेगळं आहे. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. पारंपरिक होड्यांना बंदी लागू नसली तरी त्यांचा माल तो किती असणार! म्हणून जून-जुलैत पाटीवर सुरमई, पापलेट, हलवा सगळं दिसत असेल तर त्यातलं बरंचसं बर्फातलं समजा. या दोन महिन्यांत खानावळीत जायचं ते सुक्या मासळीसाठी. सुक्या बोंबलाचं वांगं-बटाटा घालून केलेलं कालवण, कांद्यावर परतलेला सुका जवळा (अगदी बारीक कोलंबी), सुकटाची चटणी आणि तांदळाची भाकरी. बाहेर पाऊस आणि ताटात हे, याच्यापुढे मला पापलेट आठवत नाही. खाडीतली मासळी आली असेल तर तीही विचारावी. ओल्या माशाच्या थाळीसाठी नारळी पौर्णिमेनंतर जा, तेव्हा बाजार भरून वाहतो.

एप्रिल-मेमध्ये काही माशांच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, सापडते. ती तळून देतात आणि वहीखात्याच्या गिऱ्हाइकांना गुपचूप दिली जाते. विचारलंत तर तुम्हालाही मिळेल.

आषाढ अमावस्येला, म्हणजे गटारीला, नव्या माणसाला घेऊन जाऊ नये. श्रावणाच्या आधीचा तो शेवटचा दिवस, स्वयंपाकघर दमलेलं असतं आणि वाढणाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते.

वेळ आणि बसणं

दुपारी साडेबाराला पोचा. एकला ऑफिसं सुटतात आणि मग खुर्ची मिळायला वेळ लागतो. अडीचनंतर तिसऱ्या (शिंपल्या), मांदेली, जवळा असं जे थोडंच केलेलं असतं ते संपतं. संध्याकाळचा मासा बहुतेक ठिकाणी सकाळचाच असतो, म्हणून मासे दुपारी आणि सागुती (कोंबडी-मटणाचा रस्सा) रात्री हा माझा नेम. सागुती मुरल्यावर चांगलीच लागते.

टेबल एकट्याने अडवायचं नाही. चार खुर्च्यांच्या टेबलावर एक माणूस जेवत असेल तर "इथे कुणी येणारे का?" एवढं विचारून बसायचं. तुमच्या टेबलावर कुणी बसलं तर पिशवी उचलून मांडीवर घ्यायची. शेजाऱ्याशी बोललंच पाहिजे असं नाही, पण त्याच्याकडचं मीठ किंवा लिंबू मागायला हरकत नसते. आधी बेसिनवर हात धुवून या, मग बसा. जेवण हातानेच होणार आहे, काट्याच्या माशाला चमचा उपयोगाचा नाही.

बायकांनी एकटीने जावं का, असं मला खूप जणींनी विचारलंय. जरूर जावं. गल्ल्याजवळचं टेबल मागायचं, ते त्यांच्याही लक्षात राहतं. मालकीणबाई स्वतः असतील तर त्यांना काकी म्हणा, वाढणारा वयाने मोठा असेल तर मामा किंवा काका, पोरगा असेल तर दादा किंवा भाऊ. "ए" म्हणून हाक मारणारं गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही. मालवणी येत असेल तर मोकळेपणाने बोला. "बांगडो ताजो आसा?" असं विचारलंत की आतून काकी डोकावून बघते, कोण गाववाली आली म्हणून.

जेवून झाल्यावर गप्पा मारत बसू नये, निदान गर्दीच्या वेळी तरी नाही. हे काही शिष्टाचार म्हणून सांगत नाही. या खानावळींची घडणच तशी आहे. गिरणगावात, म्हणजे परळ-लालबागच्या कापडगिरण्यांच्या भागात, बायकांना गावी घरी ठेवून एकटेच राहणारे हजारो कामगार होते, कोकणातले आणि घाटावरचे. चाळीच्या खोलीत एखादी बाई दहा-पंधरा जणांची महिनेवारी जेवणं करायची. माझी मोठी मावशी त्यातलीच. परळला दहा बाय बाराच्या खोलीत ती रांधायची आणि गडीमाणसं पाळीप्रमाणे येऊन जेवायची. एक पंगत उठल्याशिवाय दुसरी बसायला जागाच नव्हती. वाढपी पटकन येतो, पटकन विचारतो, पटकन ताट आणतो, ती सवय तिथून आलेली आहे. नव्या माणसाला तो तुसडेपणा वाटतो. दोन वेळा गेलात की कळेल, तोच माणूस न मागता रस्सा वाढून जातो.

या बायकांबद्दल थोडं सांगायलाच हवं. पगाराच्या दिवशी पैसे येणार आणि वाण्याचं देणं रोजचं, म्हणून त्या सावकाराच्या व्याजात अडकायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणलं आणि बँकांची कर्जं मिळवून दिली. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांचा तो संप. जेवणारे कामगार गावी गेले, बरेचसे परत आलेच नाहीत. मावशीची खोली तेव्हा रिकामी झाली. ज्या बायका तगल्या त्यांच्यातल्या काहींनी पुढे पोळी-भाजीची, डब्यांची कामं धरली, काहींच्या घरच्यांनी खाली गाळा घेतला. आज परळ-लालबागच्या काचेच्या इमारतींत काम करणारी मुलं ज्या गल्लीत जेवायला उतरतात, तिथल्या चवीमागे त्या खोल्यांतल्या बायका आहेत. म्हणून मला ही ठिकाणं टिकायला हवी आहेत, आणि टिकवणारं गिऱ्हाईक तयार व्हायला हवं आहे.

मागवताना

पहिल्यांदा गेलात तर थाळी घ्या. साधारणपणे थाळीत एक तळलेली तुकडी किंवा एक अख्खा मासा, वाटीभर कालवण, तिसऱ्या किंवा जवळा असं काहीतरी सुकं, चपाती किंवा भाकरी, भात आणि सोलकढी येते. काय काय येणार आणि काय पुन्हा वाढतात, ते आधीच विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी रस्सा पुन्हा वाढतात, सुकं वाढत नाहीत, दुसऱ्या सोलकढीचे पैसे पडतात. भाताचं प्रत्येक ठिकाणी वेगळं.

दरात बांगडा, मांदेली आणि बोंबील खालच्या बाजूला, सुरमई त्यांच्या वर, आणि पापलेट, हलवा, कुर्ल्या सगळ्यात वर. पापलेट आणि कुर्ल्यांचा भाव आकारावर असतो, पाटीवर तो लिहिलेला नसतो. "केवढ्याला आहे, आणि केवढं आहे?" हे दोन्ही विचारायला संकोच करू नका. मासा बघायला मागितला तरी कुणी रागावत नाही, ताटलीत घालून आणून दाखवतात. तळहाताहून लहान पापलेट दाखवलं तर मी नको म्हणते. 2023 मध्ये राज्य सरकारने सिल्व्हर पापलेटला राज्यमासा ठरवलं, त्यामागची चिंता हीच होती की त्याची संख्या घटत चालली आहे. पिल्लं आपणच ताटात घेतली तर मोठा मासा येणार कुठून?

बजेट कमी असेल तर मन लहान करू नका. माझ्या मते बांगड्याची थाळी ही खानावळीची खरी परीक्षा आहे. पापलेट कुणीही तळतो, त्याची चवच मुळात सौम्य आणि सरळ. बांगडा तेलकट मासा, तो ताजाच असावा लागतो आणि मसाला नेमका लागतो. बांगड्याचं कालवण त्रिफळं (तिरफळं, कोकणातला एक मसाला) घालून केलेलं असेल तर ते आधी मागवा. एखादीच खानावळ अजून त्रिफळं घालते, आणि तिथे मी दूरवरून जाते.

सुरमई घेत असाल तर "मधली तुकडी द्या" असं सांगता येतं. मधली तुकडी गोल, भरीव, मधोमध एक काटा. पोटाकडची जरा तेलकट आणि मला जास्त आवडणारी. शेपटीकडची लहान आणि कोरडी, ती तळून चांगली लागते, कालवणात नाही. डोकं बहुतेक वेळा विकायला नसतं, घरच्यांसाठी कालवणात जातं. ओळख झाली की विचारून बघा. डोक्याचं कालवण ज्याने खाल्लं तो तुकडीकडे वळत नाही.

तळणीत रव्याचं की तांदळाच्या पिठाचं, हेही काही ठिकाणी विचारतात. बोंबलाला रवा छान. ओल्या बोंबलात पाणी फार, म्हणून ते चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून मग तळतात. आत लोण्यासारखा आणि बाहेर कुरकुरीत बोंबील आला की समजायचं, आत कुणीतरी सकाळपासून मेहनत घेतली आहे.

कोंबडी-वडे खायचे असतील तर बसल्याबसल्या सांगा. वडे गरमच खायचे असतात आणि तळायला वेळ लागतो. तांदळाच्या पिठात उडीद, चणाडाळ, मेथी, धणे असं दळून घातलेलं असतं, त्याला स्वतःची चव असते. गावठी कोंबडी हवी तर आदल्या दिवशी फोन करा, ती शिजायला वेळ घेते.

तिखटाबद्दल एक सांगते. "कमी तिखट करा" हे कालवणाला लागू पडत नाही. ते एकाच मोठ्या टोपात सकाळी झालेलं असतं. तळलेल्या माशाला मात्र मसाला कमी लावून मिळतो. तिखट झेपत नसेल तर रस्सा भातावर थोडा घ्या आणि सोलकढी जवळ ठेवा, पाणी पिऊन तिखट उतरत नाही.

कोलंबी-तिसऱ्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी बसण्याआधी सांगावं. तवा एकच असतो, तेल एकच असतं, झारा एकच असतो. शाकाहारी माणसालाही हेच. बरोबर कुणी शाकाहारी असेल तर त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ, डाळिंब्यांची (सोललेल्या वालांची) उसळ, भाजी, आमटी-भात मिळतो आणि चांगला मिळतो. पण वडे त्याच कढईतले आहेत का, हे विचारून सांगा. ज्यांना ते चालत नाही त्यांना तिथे नेऊन अवघडून बसवू नये.

खाताना

तळलेलं आधी. रव्याचा कुरकुरीतपणा पाच मिनिटांत जातो. भाकरीचा तुकडा, तळलेला मासा, मध्ये कांदा, आणि सुक्याचा घास. त्यानंतर भात आणि कालवण. लिंबू तळलेल्यावर पिळा, कालवणात नको. त्यात आमसुलं आहेत, आंबटपणा बरोबर जमवलेला असतो. शेवटचा थोडा भात सोलकढीसाठी राखून ठेवा. निम्मी सोलकढी भातावर, निम्मी प्यायला. बसताक्षणी सरबतासारखी गटकन पिऊन टाकणारी माणसं पाहिली की मला हळहळ वाटते. नारळाचा दाट रस, आगळ (कोकमाचा रस), लसूण, मिरची, हे सगळं जेवणाच्या शेवटी पोटाला निवांत करण्यासाठी आहे.

काट्यांची भीती सगळ्यांनाच असते, आणि ती घालवता येते. अख्खा बांगडा ताटात आडवा ठेवा. वरच्या अंगाच्या मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेष असते, तिच्यावर बोटाने हलकं दाबत जा. वरचा भाग मधल्या काट्यापासून सुटतो, तो उचलून खा. मग शेपटीकडून मधला काटा धरून वर घ्या, सगळा सांगाडा डोक्यासकट निघून येतो आणि खालचा भाग स्वच्छ उरतो. पोटाजवळच्या बारीक काट्यांपुरतं लक्ष द्या. पापलेटला कडेचे पर काढून टाकले की काही उरतच नाही, लहान मुलांना पहिला मासा तोच द्यावा. मांदेली कडक तळलेली असेल तर काट्यासकट खायची. बोंबलाचा काटा मऊ, तो लागतही नाही. पेडवे आणि तारली यांत बारीक काटे फार, ते मात्र सवय झाल्यावर. तारलीचा घास भातात कालवून, बोटांनी चाचपून, लहान लहान घ्यायचा. घाईत किंवा मोबाइल बघत ते खाऊ नये. कधी काटा टोचलाच तर कोरड्या भाताचा किंवा भाकरीचा मोठा घास गिळायचा असं घरोघर सांगतात, पण अडकलेला काटा त्याने आणखी आत जाऊ शकतो. खोकून, गुळण्या करून बघा आणि टोचणं राहिलं तर सरळ डॉक्टरकडे जा.

तिसऱ्या हाताने उचलून शिंपल्यातूनच ओढून खायच्या. शिजूनही जी मिटलेली राहिली ती उघडायचा प्रयत्न करू नका, बाजूला ठेवा. कालवणात काळसर, टणक त्रिफळं दिसतील, तीही चावायची नाहीत. त्यांचं काम टोपात झालेलं असतं. कुर्ल्या दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत मागवू नका. त्यांना रविवारची दुपार आणि दोन्ही हात लागतात.

मासा ताजा आहे का, हे पहिल्या घासात कळतं. ताज्या बांगड्याचं मांस काट्यापासून पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतं. शिळ्याचं मेणचट होतं, बोटाला चिकटतं. बांगडा, सुरमई या माशांच्या बाबतीत एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पकडल्यानंतर ते थंड ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. असा मासा खाताना जिभेला मिरी चावल्यासारखी चुणचुण लागते, नंतर अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. चुणचुण लागली की घास टाका आणि ताट बाजूला सारा. मसाल्याचा तिखटपणा आणि ही चुणचुण यांतला फरक जिभेला कळतो. मोरीचं (लहान शार्कचं) कालवण असेल तर नाकाने ओळखा. शिळ्या मोरीला अमोनियाचा वास येतो, तो कुठल्याही वाटणाखाली दबत नाही.

काही बिनसलं तर

तेव्हाच सांगा, ताट समोर असताना, आणि हळू आवाजात. उठून गल्ल्यावर जा आणि म्हणा, "काकी, ही तुकडी बघा जरा." चांगली मालकीण वास घेऊन बघते, तुकडी बदलते, आणि आत जाऊन बाकीच्या तुकड्याही तपासते. माझ्यासमोर एकीने अख्खा टोप बाजूला काढलेला मी पाहिलाय. सगळं खाऊन झाल्यावर तक्रार केली तर तिला काहीच करता येत नाही. घरी जाऊन मोबाइलवर एक तारा देणं तर मला अजिबात पटत नाही. पन्नास माणसं जेवणाऱ्या जागेला त्याने मोठा फटका बसतो, आणि ती चूक सुधारायची संधी तिला मिळालेलीच नसते. सांगूनही तिने ऐकून घेतलं नाही, तर पुन्हा जाऊ नका. तेवढं पुरतं.

पैसे देताना घासाघीस करू नये. मोबाइलवरून पैसे आता सगळीकडे चालतात, तरी थोडी रोकड जवळ असू द्या, कारण वाढणाऱ्या पोरांना वेगळे द्यायचे असतात. गल्ल्यावर दिलेलं त्यांच्यापर्यंत पोचतंच असं नाही. आणि आतल्या काकीला, जाताना दाराशी थांबून, काय आवडलं ते नाव घेऊन सांगा. "तिसऱ्या छान होत्या" एवढं. ती दिवसभर चुलीपाशी असते, बाहेर ताटं कशी रिकामी झाली ते तिला दिसत नाही.

घरी न्यायचं असेल तर

सकाळी अकराच्या आत फोन करा. कालवण स्वतःच्या स्टीलच्या डब्यात न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला गरम रस्सा मला बघवत नाही, आणि डबा नेला की काकी हात सैल सोडून वाढते, हा अनुभव आहे. तळलेला मासा बंद डब्यात कोंबू नका, वाफेने रवा भिजतो. कागदात सैल गुंडाळून न्यायचा आणि घरी तव्यावर तेल न घालता दोन्ही बाजूंनी परतायचा. सोलकढी फ्रीजमध्ये ठेवा, पण त्याच दिवशी संपवा. ती तापवायची मात्र नाही, फाटते. कालवण गरम करताना मंद आचेवर, हलवत, उकळी न आणता.

आणि निघण्याआधी खानावळ उघडी आहे ना, हे विचारून घ्या. गौरी-गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात बऱ्याच खानावळींना "गावी गेलो आहोत" अशी पाटी लागते. रांधणारी, वाढणारी, गल्ल्यावरची, सगळीच माणसं एका घरची किंवा एका गावची, त्यामुळे एक गेलं की सगळी जातात. गणपतीनंतर परत आल्यावर पहिल्या आठवड्यात गेलात तर गावाहून आणलेला नवा मसाला आणि ताजी आमसुलं टोपात पडलेली असतात. त्या आठवड्यातला बुधवार मी धरून ठेवते.